एक बोल्ट आणि एक कनेक्टर

बाबांचा ट्रक आमच्या सोसायटीच्या फाटकात अडकला, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण अजूनही कुणी नवीन बिऱ्हाड राहायला आलं, की त्यांना पाण्याची वेळ, कचऱ्याची वेळ आणि ही हकिगत, या तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगितल्या जातात. सांगणारे बहुतेक जण तेव्हा गॅलरीत उभे होते. ट्रकखाली मी होते. तेव्हा खरं काय झालं ते मीच सांगितलेलं बरं.

बाबांनी आयुष्यभर लोकांची बिऱ्हाडं हलवली. लहानपणी मला वाटायचं, जगातली सगळी माणसं सारखी घरं बदलत असतात आणि आम्हीच काय ते एका जागी चिकटून बसलोय. त्यांचा पहिला ट्रक माझ्याहून थोरला. तो भंगारात गेला तेव्हा बाबा कितीतरी दिवस धड जेवले नाहीत. मग दुसरा आला, नेमका माझं लग्न झालं त्या वर्षी. त्याला ते 'धाकटी' म्हणायचे. मी एकुलती एक. लेक सासरी जाते न जाते तोच बापाने दुसरी दारात आणून उभी करावी, याचं मला वाईट वाटलं होतं. पण ते मी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त यांना सांगितलं. वर्षातून दोन-तीनदा.

शेवटी बाबांचे गुडघे बोलायला लागले आणि त्यांनी ट्रक देऊन टाकायचं ठरवलं. गावाबाहेर रोपवाटिका चालवणाऱ्या एक बाई तो घ्यायला तयार होत्या. रोपं न्यायला त्यांना मोठी गाडी हवी होती. त्यांची अट एकच, की रविवारी ट्रक स्वतःच्या पायांनी चालत आला पाहिजे, ओढून आणलेला चालणार नाही. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे भंगारवाला. त्याला ट्रक चालतो की नाही याच्याशी कर्तव्य नव्हतं.

"नाहीच गेला तिकडे, तर भंगारवाला आहेच," बाबा म्हणाले. "मला काही वाटत नाही."

बाबांना काही वाटत नाही म्हणजे पुष्कळ वाटतं, हे मला आईने शिकवलं होतं. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, पण बाबांचा अर्थ लावायला अजून तिचाच कोश वापरावा लागायचा.

देण्याआधी ट्रक स्वतःच्या हाताने धुवावा, म्हणून गुरुवारी सकाळी ते तो आमच्याकडे घेऊन आले. आमच्या आवारात नळ आहे, सावली आहे. फाटकावर लोखंडी कमान आहे, ती सोसायटीने मोठ्या हौसेने बसवलेली. तिच्याखालून ट्रक जेमतेम जातो. बाबांना तो अंदाज इतका पाठ होता, की ते मान वर न करता आत यायचे. त्या दिवशीही आले. केबिनचं नाक आत शिरलं, आणि बोलता बोलता एखाद्याचा डोळा लागावा तसं एंजिन बंद पडलं. धूर नाही, खोकला नाही. ट्रकचं तोंड आवारात, धड रस्त्यावर आणि बरोबर डोक्यावर कमान.

बाबांनी स्टार्टर मारला. एंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. असं करता करता बॅटरीचा आवाज खोल गेला. मग कुठूनतरी 'फुस्स' असं झालं आणि बाबांनी डोळे मिटून घेतले.

"काय झालं?" मी खिडकीतून विचारलं.

"हवा उतरली."

"टायरमधली?"

"ब्रेकमधली. हवा असली की ब्रेक सुटतो. हवा गेली की चाकं आवळून बसतात. आता हत्ती आणलास तरी हलणार नाही."

हत्ती मिळणार नव्हता, म्हणून सोसायटीतले सगळे पुरुष आले. सगळ्यांनी मिळून ट्रक ढकलला. ट्रकच्या जागी हवामानवाल्या काकांची कंबर सरकली.

हवामानवाले काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वेधशाळेत नोकरी केल्यामुळे ते कुठलीच गोष्ट होईल किंवा होणार नाही असं म्हणत नाहीत, शक्यता सांगतात. कंबर धरून पायरीवर बसता बसता ते म्हणाले, "साठ टक्के शक्यता डिझेल संपल्याची आहे."

"डिझेल भरलंय," बाबा म्हणाले.

"मग उरलेल्या चाळीस टक्क्यांपैकी काहीतरी असणार."

त्यांचं हे मात्र बरोबर निघालं.

बाबांचा ओळखीचा मेकॅनिक आला. त्याने बाबांना स्टार्टर मारायला लावला. बॅटरीत होता नव्हता तेवढा जीव एंजिन दोन-तीनदा फिरवण्यात गेला. मेकॅनिक समोरच्या घड्याळांपैकी एंजिनचे फेरे दाखवणाऱ्या घड्याळाच्या काट्याकडे बघत होता. काटा शून्यावर गाढ झोपलेला.

"क्रँकचा सेन्सर गेला," तो म्हणाला. "एंजिनच्या मागे एक दातेरी चाक फिरतं. हा त्याचे दाते मोजतो आणि आतल्या कॉम्प्युटरला कळवतो. हा गप्प बसला, की कॉम्प्युटर म्हणतो, एंजिन फिरल्याची नोंदच नाही, मग डिझेल कशाला सोडू?"

मला हे ताबडतोब पटलं. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसायचे. नोंद नसेल तर समोर पूर आला तरी आम्ही गळती मानत नसू.

"मग बदला ना," मी म्हटलं.

"बदलतो. सोमवारी. आज भाचीच्या लग्नाला निघालोय, तिकिटं काढलीत."

"रविवारी ट्रक द्यायचाय."

त्याने रुमालाला हात पुसले. "अहो ताई, एवढं काही नाही त्यात. एक बोल्ट, एक कनेक्टर. तुम्हीसुद्धा बसवाल."

'कधीतरी या घरी' हे जसं म्हणतात, तसं तो हे म्हणाला होता. समोरचा खरंच येईल असं त्यात कुणी धरत नाही. पण मी बाबांकडे बघितलं. ते ट्रकच्या दाराला टेकून उभे होते, आणि आपल्या मुलाने भर लग्नात कुणाचा तरी अपमान केल्यावर बाप जसा दिसेल तसे दिसत होते.

"मी बसवते," मी म्हटलं.

हे म्हणजे आमचे यजमान, ऑफिसला जायला निघाले होते. त्यांनी डबा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "अगं, म्हणजे तू नक्की काय बसवणार आहेस?" मी त्यांना मेकॅनिकने सांगितलेलं सगळं सांगितलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "बरं. मग मी काय करू?" लग्नाच्या इतक्या वर्षांत यांनी मला कुठल्याच गोष्टीला नको म्हटलेलं नाही. त्यामुळे मोडता घालायला माणूसच नाही आणि मी कुठवर वाहवत जाते याला हद्द राहत नाही. त्यांना मी दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला न्यायला सांगितल्या. ट्रकच्या बॅटरीचं वजन त्यांना ठाऊक नसल्यामुळे त्यालाही ते लगेच हो म्हणाले.

खरं म्हणजे ट्रकची केबिन पुढे उलटी करता येते. मग एंजिन ताटात वाढल्यासारखं समोर येतं. पण वर कमान. कमान काढायची तर सर्वसाधारण सभा हवी आणि सभेला एकवीस दिवसांची सूचना हवी. हे मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं.

सेक्रेटरी आमच्या समोरच्याच दारात राहायचे. पण ते जे सांगायचं ते नोटिशीने सांगायचे. नोटीस दाराखालून सरकवायचे आणि मग बेल वाजवून विचारायचे, "मिळाली का?" त्या दिवशीही मिळाली. 'आपले चारचाकी वाहन प्रवेशद्वारी अडथळा निर्माण करीत असल्याने...'

मी बेलला दार उघडलं. "मिळाली. पण ट्रकला सहा चाकं आहेत."

त्यांनी चष्मा लावून नोटीस वाचली, परत घेतली, आणि थोड्या वेळाने दुरुस्त केलेली दाराखालून आत आली. तिच्यात एक कलम जास्त होतं. आवारात वाहनदुरुस्तीस मनाई.

"पण एंजिन आवारात कुठे आहे?" मी विचारलं. "ते कमानीखाली आहे."

तेवढ्यात रस्त्यावरून वाहतूक पोलीस आला. गल्लीत गाड्या तुंबल्या होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की सार्वजनिक रस्त्यावर दुरुस्ती करता येत नाही, ट्रक आत घ्या आणि मग करा. सेक्रेटरी म्हणाले, आत करता येत नाही, बाहेर घ्या आणि मग करा. ट्रक आत किंवा बाहेर घेता आला असता, तर दुरुस्तीच लागली नसती, हे मी दोघांनाही समजावून सांगितलं. दोघांनीही मान डोलावली. मुद्दा मान्य, पण नियम आपल्या जागी, अशी ती मान होती. खिडकीवर बसून मीही ती कितीदा डोलावली असेल.

शेवटी हद्द मोजायचं ठरलं. सेक्रेटरींनी घरातून टेप आणली. एक टोक पोलिसाने धरलं, एक यांनी. बराच वेळ मोजामोज झाली आणि पोलिसाच्या कपाळावर आठी पडली.

"ही कमान तुमची ना?" त्याने सेक्रेटरींना विचारलं.

"अर्थात. माझ्याच कारकिर्दीत बसवली."

"ती रस्त्यावर आलीय. वीतभर."

सेक्रेटरींनी टेप आवरून खिशात घातली आणि शांतपणे म्हणाले, "मोजण्यात चूक झाली असेल. ट्रक पूर्णपणे आमच्या हद्दीत आहे आणि त्याच्या दुरुस्तीला सोसायटीची खास परवानगी आहे. वहिनी, तुम्ही सुरू करा."

शुक्रवारी सेन्सर आणायला गेले, तर दुकानाच्या खिडकीवर मला माझीच जुळी बहीण भेटली. म्हणजे होता तो पुरुषच, पण बोलणं सगळं माझं. "नंबर आणलाय का? नंबराशिवाय बघता येणार नाही." मी बाबांना फोन लावला. त्यांनी चॅसिसचा लांबलचक नंबर एका दमात म्हणून दाखवला. माझ्या जन्मतारखेची त्यांना दरवर्षी आई आठवण करून द्यायची. असो.

दुकानदाराने एक डबी दिली. आत बोटभर लांबीचं काळं प्लॅस्टिकचं नाक, त्याला एक कान, कानाला बोल्टचं भोक. एवढ्याशा वस्तूने एवढा ट्रक अडावा, याचं नवल करत मी घरी आले, यांची जुनी पँट चढवली, आईच्या जुन्या साडीचा पदर डोक्याला बांधला आणि ट्रकखाली गेले.

ट्रकखालचं जग वेगळंच असतं. लहानपणी मी या उंचीवरून ट्रक पुष्कळ बघितला होता. दुपारच्या वेळी बाबा कुणाच्या तरी दारात सामान चढवत असायचे आणि मी ट्रकखालच्या सावलीत, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून त्या घरातल्या पोरांशी खेळायचे. तासाभराची मैत्री. मग ती पोरं गाडीत बसून निघून जायची आणि आम्ही त्यांच्या खाटा, कपाटं घेऊन मागोमाग. डिझेल, ग्रीस आणि तापलेल्या रबराचा तोच वास मला आता पाठीवर पडल्या पडल्या आला. क्षणभर वाटलं, बाजूला कुणीतरी सागरगोटे मांडून बसलंय आणि माझ्या खेळीची वाट बघतंय.

"दिसला का?" बाबांनी वाकून विचारलं. गुडघ्यांमुळे त्यांना खाली येता येत नव्हतं. त्यांनी काठीला टॉर्च बांधून प्रकाश आत सोडला होता. प्रकाश थोडा हलत होता.

"दिसला."

दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सुटला. कनेक्टरची जीभ दाबली, तोही निघाला. मेकॅनिक म्हणाला होता तेवढंच काम, आणि ते झालंही होतं. मी ट्रकखालूनच मोठ्याने सांगितलं, "निघालाच समजा." हे मी बोलायला नको होतं. मग मी सेन्सर धरून ओढला. तो हलेना. पिळला. परत ओढला. कट्कन आवाज आला आणि तो माझ्या हातात आला. अर्धा. नाकाचं टोक आतच राहिलं.

मी बराच वेळ तशीच पडून राहिले. बाहेर किती पाय आहेत ते मला दिसत होतं. सगळे पाय वाट बघत होते.

"निघाला का?" बाबांनी विचारलं.

"थोडा निघाला."

बाबांच्या काठीवरचा प्रकाश हलायचा थांबला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

यानंतर सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं आतून ढकला, कुणी म्हणालं एंजिन उतरवा. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, अडकलेल्या बांगडीला साबण लावतात तसा लावा. हवामानवाले काका पायरीवरून म्हणाले, "बुचाच्या बाटलीत बूच तुटलं तर काय करतो? स्क्रू घालून ओढतो. यशाची शक्यता सत्तर टक्के."

"पण तो स्क्रू आहे कुणाकडे?" यांनी विचारलं. हे नुकतेच दुसरी बॅटरी पोचवून आले होते आणि एका बाजूला कलून उभे होते.

आमची सोसायटी साधी. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग सेक्रेटरी, ज्यांनी गच्चीवर मद्यपानास मनाई अशी नोटीस तीन ठिकाणी लावली होती, ते घसा साफ करून म्हणाले, "माझ्याकडे असेल. औषधाच्या बाटल्यांसाठी."

त्यांना तो शोधायला फार वेळ लागला. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. कुणी काही विचारलं नाही. मी तो स्क्रू त्या तुटक्या टोकात हळूहळू फिरवला, दोन्ही पाय ट्रकच्या आडव्या दांड्याला लावले आणि ओढलं. टोक आलं, आणि बरोबर काळं तेलकट पाणी माझ्या कपाळावर आलं. बाहेर टाळ्या वाजल्या. त्या मला की स्क्रूला, ते कळलं नाही.

बाहेर येऊन मी दोन्ही तुकडे जोडून नव्या सेन्सरशेजारी ठेवले. नवं नाक आखूड होतं. दुकानदाराने मला एंजिनच्या वरच्या दांड्याचा सेन्सर दिला होता. दिसायला सख्खा भाऊ, पण नाकात फरक.

शनिवारी सकाळी मी पुन्हा त्या खिडकीपाशी उभी. "इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जात नाही," तो म्हणाला. माझ्या खिडकीवर ज्या एका वाक्याची मला भीती वाटायची, तेच मी त्याला ऐकवलं. "हरकत नाही. तेवढं लेखी द्या." तो निमूट आत गेला आणि लांब नाकाचा घेऊन आला. त्या दिवसापासून मी माझ्या खिडकीवर लोकांशी जरा बरं बोलायला लागले, असं आमच्या शिपायाचं मत आहे.

मी परत ट्रकखाली शिरले, तेव्हा ऊन चढलं होतं आणि गॅलऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. बाबा बॅटऱ्या जोडत होते. मी भोक फडक्याने पुसत होते, तेवढ्यात दोन चपला माझ्या डोक्याशी येऊन थांबल्या. सेक्रेटरींच्या. मला वाटलं, आता नोटीस खालून सरकणार.

"वहिनी," चपला म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत होईल ना?"

"होईल. तुमची गाडी अडकलीय का?"

"गाडी नाही. सामान जायचंय."

"कुणाचं?"

एक चप्पल दुसऱ्या चपलेवर घासली गेली.

"माझं. मुलाकडे जातोय राहायला. कायमचं. तो स्क्रूसुद्धा बांधलेल्या खोक्यातून काढावा लागला. सामानवाल्यांना उद्याची वेळ दिली होती. काल येऊन फाटक बघून गेले, आज सांगतात जमणार नाही."

मी फडकं खाली ठेवलं. "अहो, पण तुम्ही कुणालाच बोलला नाहीत."

"बोललो असतो तर लगेच नवा सेक्रेटरी निवडला असता. घरात आता बोलायला कुणी नाही. नोटीस दिली की लोक निदान भांडायला येतात."

ट्रकखाली पडलेल्या माणसाला या बोलण्यावर करण्यासारखं काही नसतं. चेहरा दिसत नाही, हात काळे. मी म्हटलं, "चारचाकी लिहिलंत तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तुमची चूक कधी होत नाही." वरून बारीकसं हसू ऐकू आलं.

बाबांनी बॅटरीपाशी सगळं ऐकलं होतं. ते हात पुसत आले. "दुसरा ट्रक बघू नका," ते सेक्रेटरींना म्हणाले. "उद्या मी नेतो. काचेचं सामान किती आहे?"

"ट्रक सुरू व्हायचाय अजून," सेक्रेटरी म्हणाले.

"ती बसवतेय ना," बाबा म्हणाले.

नवऱ्याने, साहेबांनी, शेजाऱ्यांनी माझ्याबद्दल बरं बोललेलं मी बऱ्याचदा ऐकलंय. पण ते तीन शब्द ऐकून माझ्या हातातला बोल्ट निसटला. तो टणटण करत कुठल्यातरी दांड्यामागे गेला. दिसत होता, पण बोटं पोचेनात. शेवटी यांनी फ्रीजवरचं कलिंगडाच्या आकाराचं लोहचुंबक आणलं, दोरीला बांधलं आणि माझ्याशेजारी आडवे पडून गळ टाकला. लग्नानंतर इतका वेळ शेजारी शेजारी निवांत पडून आम्ही एका गोष्टीकडे टक लावून कधी बघितलं असेल, मला आठवत नाही. बोल्ट लागला तेव्हा हे इतके खूश झाले, की तो परत पडायची वेळ आली होती.

मी सेन्सरच्या रबरी कड्याला तेलाचं बोट लावलं. नाक भोकात घातलं, तळव्याने दाबलं. तो अलगद जाऊन बसला. बोल्ट आवळला. कनेक्टर लावला, 'टक्' झालं. पुढची दोन मिनिटं मी ते सगळं उगाच परत परत चाचपून बघितलं.

बाबा केबिनमध्ये चढले. चढायला त्यांना वेळ लागला, कुणी हात दिला नाही, कुणी द्यायचं धाडस केलं नाही. मी शेजारच्या सीटवर बसले. गॅलऱ्या पुन्हा भरल्या. हवामानवाले काका काही टक्के सांगणार होते, पण त्यांनी तोंड मिटलं.

बाबांनी चावी फिरवली. मी काट्याकडे बघत होते. काटा थरथरला. मग उठला. एंजिन एकदा खाकरलं आणि सुरू झालं. बाबांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि हवा भरेपर्यंत ते नुसते बसून राहिले. मग ब्रेक सुटले आणि ट्रक कमानीखालून आत आला, वर मान न करता.

संध्याकाळी त्यांनी तो धुतला. मला हात लावू दिला नाही.

रविवारी सकाळी सेक्रेटरींचं घर ट्रकमध्ये चढलं. सगळी सोसायटी खाली होती. बाबा एका जागी उभे राहून नुसत्या मानेने सांगत होते, की कपाट आधी, गाद्या काचेच्या बाजूने, कुंड्या शेवटी. सेक्रेटरींनी फाटकाशी खिशात हात घातला. मला वाटलं, जाता जाता एक नोटीस देणार. पण त्यांनी नोटिशी लावायच्या फळ्याची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हणायच्या आत ते ट्रकमध्ये चढून बसले होते. पुढची सहा वर्षं मी सोसायटीची सेक्रेटरी होते. त्या काळातल्या माझ्या छळाची हकिगत वेगळी आहे.

मुलाच्या घरी सामान उतरवून आम्ही रोपवाटिकेवर गेलो. हे सेक्रेटरींच्या मदतीला तिकडेच थांबले होते, त्यामुळे बाबा आणि मी दोघंच. रोपवाटिकेच्या बाईंनी ट्रकभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काही सांगायचंय का हिच्याबद्दल?" त्यांनी 'हिच्या' म्हटलं, त्यावरून मला त्या आवडल्या.

बाबांनी विचार केला. "सकाळी घाई करू नका. थंडीत जरा गुरगुरते, लक्ष देऊ नका. चढावर चांगली आहे." चावी देताना ते जरा थांबले. "आणि सेन्सर नवीन आहे. माझ्या मुलीने बसवलाय."

परत यायला बस होती. आम्ही दोघं शेजारी बसलो, बाबा खिडकीत. बाबांना मी बसमध्ये कधी बघितलं नव्हतं. सुरुवातीला ते ताठ बसून ड्रायव्हरकडे बघत होते. गिअर उशिरा पडला की त्यांचा जबडा हलायचा. वळणावर त्यांचा उजवा पाय जमीन दाबायचा.

मग केव्हातरी त्यांची मान वळली. रस्त्याच्या कडेला एक मोठं तळं होतं, त्यावर दुपार पसरली होती, काठाने बदकं हिंडत होती.

"हे तळं कधी झालं?" बाबांनी विचारलं.

"पहिल्यापासून आहे, बाबा."

"या रस्त्याने मी किती वेळा गेलोय," ते म्हणाले. "बघितलंच नाही कधी. समोर बघायचो."

मग त्यांनी काच पूर्ण सरकवली आणि खिडकीच्या दांडीवर कोपर ठेवलं. ते झाडांची नावं विचारू लागले, मला येत होती तेवढी मी सांगितली, बाकीची ठोकून दिली. एका घराच्या दारात कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी काढत होतं, त्याकडे ते मागे वळून बघत राहिले. आमचा थांबा आला, लोक उतरले, घंटा वाजली. मी उठले नाही.